उशी

कृष्णाकाठच्या एका गावात एक तरुण राहत होता. घरी आई आणि धाकटा भाऊ. दीड एकर ऊस आणि एक म्हैस. सीझन सुरू झाला की तो कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर जायचा. एका पहाटे दाट धुकं होतं. दोन ट्रॉल्यांमधली पिन सैल वाटली म्हणून तो खाली उतरला, आणि त्याचा डावा पाय चाकाखाली आला.

डॉक्टरांनी गुडघा वाचवला. गुडघ्याखाली वीतभर पाय राहिला, बाकीचा गेला.

घरी आणल्यावर आईने त्याच्यासाठी एक उशी शिवली. वरून जुन्या लुगड्याचं मऊ कापड, आत सावरीचा कापूस. ती तिने त्याच्या उरलेल्या पायाखाली, बरोबर गुडघ्याशी ठेवली. उशीवर गुडघा थोडा वाकायचा आणि ठणका कमी व्हायचा. रोज सकाळी ती उशी उन्हात टाकायची, झटकायची आणि पुन्हा गुडघ्याखाली सरकवायची. याहून जास्त काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

माणसं भेटायला येत. कुणी म्हणे, जिवावरचं पायावर गेलं. कुणी म्हणे, देवाची करणी. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. माणसं आईशी बोलून, चहा घेऊन जात.

गावातल्या शाळेचे गुरुजीही आले. हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. गुरुजींनी घरी बसून तयारी केली होती. त्यांनी त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. पेटकर सांगली जिल्ह्यातलेच. १९६५च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. मग गुरुजींनी सुधा चंद्रन यांची गोष्ट सांगितली. १९८१ साली बसच्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. त्यांनी कृत्रिम पाय लावला, १९८४ साली त्या पुन्हा मंचावर नाचल्या, आणि पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला.

गुरुजींनी मनापासून सांगितलं. सांगताना त्यांचा स्वतःचाच गळा भरून आला. पण तरुण भिंतीकडेच बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "गुरुजी, गोळ्या लागल्यावर पहिला महिना ते संडासला कसे जात होते?"

गुरुजी गप्प झाले. "ते मला माहीत नाही, बाळ."

"आणि त्या बाई? पाय लावल्यावर दुखलं का त्यांना?"

"सुरुवातीला सरावात रक्त यायचं म्हणे."

तरुणाने मान वळवली. अपघातानंतर पहिल्यांदाच त्याने कुणाकडे नीट पाहिलं. "मग? मग काय केलं त्यांनी?"

पुढचं गुरुजींना ठाऊक नव्हतं. त्यांना गोळी ठाऊक होती आणि पदक ठाऊक होतं. अपघात ठाऊक होता आणि नाच ठाऊक होता. तरुणाची मान पुन्हा भिंतीकडे वळली.

त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही. त्यांना राग आला नव्हता. पोराने विचारलं ते बरोबर होतं, आणि त्याचं उत्तर कुणाकडे तरी असणार, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

एसटी स्टँडजवळ पिंपळाखाली एक म्हातारा पंक्चर काढायचा. सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याचा एक पाय रबराचा आहे हे गावाला माहीत होतं, पण इतकी वर्षं झाली होती की कुणाच्या ते ध्यानातही येत नसे. गुरुजी त्याच्याकडे सायकलीत हवा भरायला नेहमी जात. पायाबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नव्हता. सकाळी ते आप्पाकडे गेले आणि सगळं सांगितलं.

आप्पा म्हणाला, "मी काय सांगणार गुरुजी? मी कुठं मेडल आणलंय?"

गुरुजी म्हणाले, "मेडलचं सांगून झालंय. तुम्ही पहिला महिना सांगा."

आप्पाने हातातली ट्यूब खाली ठेवली. थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "ते तर मी घरात पण कधी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आप्पा सायकल मारत आला. सायकल भिंतीला लावली, उंबरा ओलांडला आणि कॉटजवळ जमिनीवर दोन्ही गुडघे मोडून उकिडवा बसला. तरुणाचं लक्ष आधी त्या बसण्याकडे गेलं. आप्पाचं लक्ष मात्र उशीकडे गेलं.

"ही कुणी ठेवली?"

"मी," आई म्हणाली. "त्याला बरं वाटतं."

आप्पाने हळूच गुडघ्याखालून उशी काढली आणि आईच्या हातात दिली. "माझ्या आईनं पण ठेवली होती. तिचा जीव होता माझ्यावर, म्हणून ठेवली. गुडघा तसाच वाकून धरला. पुढं पाय बसवायला गेलो तर म्हणाले, गुडघा सरळ होत न्हाई, पाय बसायचा न्हाई. परत पाठवलं मला. मग गुडघा सरळ करायला मी महिनोन् महिने पालथा पडून ऱ्हायलो. रडत ऱ्हायलो. ताई, उशी डोक्याखाली द्या. पायाखाली नको."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा तिला म्हणाला, "अजून काही बिघडलं न्हाई. आज काढली ना? झालं."

मग तो तरुणाकडे वळला, आणि त्याने सांगायला सुरुवात केली.

त्याचा पाय रेल्वेखाली गेला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या का चौथ्या रात्री तो झोपेतून उठला आणि पाय नाही हेच विसरला. नसलेला पाय त्याने जमिनीवर टेकवला आणि तोंडावर पडला. टाके उसवले. "तू पण पडशील," आप्पा म्हणाला. "रात्री कुबडी हाताला लागंल अशी ठेव. आणि उठल्यावर आधी मांडीवर हात ठेवायचा. हात सांगतो, कुठला पाय हाय आणि कुठला न्हाई."

तरुण कोपरावर उठून बसला. "आप्पा, मला अंगठ्याला खाज येते. नसलेल्या. कुणाला सांगितलं तर म्हणतील, डोकं फिरलंय."

"मला अजून येते. पावसाळ्यात जास्त. मी दुसऱ्या पायाचा अंगठा चोळतो. कधी थांबते, कधी थांबत न्हाई."

आई पाणी आणायला आत गेली. मग तरुणाने अगदी हळू आवाजात ते विचारलं, जे डॉक्टरांना विचारता आलं नव्हतं आणि भावालाही विचारता आलं नव्हतं. आप्पाने सगळ्याची उत्तरं दिली. आप्पालाही त्याचा धाकटा भाऊ पाठीवर घेऊन परसाकडे न्यायचा, तेव्हा भावाच्या मानेत तोंड खुपसून तो डोळे मिटून घ्यायचा. एकदा बायकोने ताट वाढून आणलं आणि ते त्याने भिंतीवर फेकलं. ती काही बोलली नाही, भिंत पुसली. त्या न बोलण्याने तो महिनाभर जळत राहिला. लोक बघायला आले की तो झोपेचं सोंग घ्यायचा.

"तुला वाटत असंल की तुझ्यासारखं वाईट कुणालाच वाटलं न्हाई," आप्पा म्हणाला. "मला पण तसंच वाटायचं."

तरुणाने विचारलं, "मग पाय कुठं बसवला?"

"जयपूरला. शहाऐंशी साली."

आप्पाने जयपूरची हकिकत सांगितली. तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी नावाचे हाडांचे डॉक्टर होते, आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शर्मांचं शिक्षण फार नव्हतं, पण हातात कला होती. पूर्वी जो कृत्रिम पाय मिळायचा तो बुटातच घालावा लागे. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. शेतकरी तो घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. हे त्या दोघांनी पाहिलं. साठीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी रबराचं पाऊल तयार केलं. आत स्पंजाचं रबर आणि लाकूड, वर कातडीच्या रंगाचं रबर, आणि सगळं साच्यात घालून भाजलेलं. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असं पाऊल. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली, आणि गरिबाला असा पाय फुकट मिळू लागला.

"मी टायर रिमोल्ड करताना बघितले होते," आप्पा म्हणाला. "ते पाऊल हातात घेतलं आणि म्हटलं, हे तर आपल्या धंद्यातलं काम हाय. भीतीच गेली माझी." त्याने पायजमा वर केला. टाचेपाशी रबराला भेग पडली होती आणि तिच्यावर पंक्चरचा काळा तुकडा चिकटवलेला होता. तरुण हसला. आत आईने ते हसणं ऐकलं आणि ती तांब्या धरून तशीच उभी राहिली.

आप्पा येत राहिला. दर खेपेला थोडं सांगायचा. आठच्या आकड्यासारखं, खाली घट्ट आणि वर सैल असं बँडेज कसं गुंडाळायचं, म्हणजे सूज उतरते आणि पायाला घाट येतो. दिवसातून दोनदा पालथं कसं पडायचं. रोज संध्याकाळी आरशात उरलेल्या पायाची कातडी कशी बघायची, कारण खालच्या बाजूला पडलेला फोड डोळ्यांना दिसत नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना रबरी पाय आधी.

जिल्ह्याच्या गावी पाय बसवण्याचं शिबिर लागलं तेव्हा तरुणाचा गुडघा सरळ झाला होता. त्याच्या पायाचं प्लॅस्टरमध्ये माप घेतलं. प्लॅस्टिकचा जाड पाइप भट्टीत तापवून मऊ केला, तो त्या साच्यावर ओढून बसवला, आणि खाली रबरी पाऊल जोडलं. दोन आडव्या दांड्यांच्या मधून तो चालला. भाऊ रडला. कुणीतरी फोटो काढला.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर आठवड्यात त्याच्या पायाला फोड आले. फोड फुटले. घामाने मोजा चिकटायचा. एका दुपारी त्याने तो पाय काढला आणि म्हशीच्या गोठ्यात फेकून दिला. पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. आईने पाय धुऊन, पुसून फळीवर ठेवला आणि भावाला आप्पाकडे पाठवलं.

आप्पा आला आणि म्हणाला, "मी विहिरीत टाकला होता. तू गोठ्यातच टाकलास, बरं केलंस." मग त्याने फोड पाहिले. फोड भरेपर्यंत पाय लावायचा नाही. मग रोज एक तास, मग दोन. उन्हाळ्यात मोजे दोनदा बदलायचे. तरीही बसलं नाही तर शिबिरवाल्यांकडे परत जायचं, कारण सूज उतरली की उरलेला पाय बारीक होतो आणि रबरी पायाची वाटी सैल पडते. यात लाज कसली?

तरुण परत गेला. वाटी नवी बनवून घेतली. पुन्हा फोड आले, पण थोडे. पावसाळा गेला, थंडी आली. एका रात्री लाइट आली तेव्हा तो स्वतः उठला आणि बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला गेला. चिखलात उभा राहिला. सकाळी घरी येऊन त्याने आधी स्वतःचा पाय धुतला, मग रबरी पाय धुतला, आणि दोन्ही उन्हात वाळवत बसला. ट्रॅक्टरवर तो पुन्हा गेला नाही. त्याला धुक्याची भीती वाटायची, आणि ती भीती त्याने कधी लपवली नाही.

दोनेक वर्षं गेली. तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, गुरुजींनी त्याला शाळेत बोलावलं. दुसरे एक पाहुणे आधी बोलले. त्यांनी त्याची ओळख करून दिली: अपघात झाला, पण जिद्द सोडली नाही, आज ताठ उभा आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग तो बोलायला उभा राहिला. त्याने उशीपासून सुरुवात केली. रात्री पडल्याचं सांगितलं. आप्पाची परवानगी घेऊन ताटाची गोष्ट सांगितली. गोठ्यात पाय फेकल्याचं सांगितलं. नसलेल्या अंगठ्याच्या खाजेचं सांगितलं, तेव्हा मुलं हसली आणि तोही हसला. पाहुणे थोडे चुळबुळले. मुलांना काही चांगलं, प्रेरणा देणारं सांगा, असं ते हळूच म्हणाले. गुरुजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगू द्या त्याला."

अपंगत्वावर मात केल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, आणि त्या ऐकायलाच हव्यात. पेटकरांचं पदक खरं आहे, सुधा चंद्रन यांचा नाच खरा आहे. पण आपण, ज्यांचे हातपाय धड आहेत ते, या गोष्टी पुढे सांगताना मधला भाग गाळतो. दुखणं आणि विजय एवढंच ठेवतो, कारण तेवढ्याने आपला ऊर भरून येतो. कॉटवर पडलेल्या माणसाला त्या दोन टोकांच्या मधून चालायचं असतं. तिथे त्याला फोड भेटतात, लाज भेटते, परसाकडची वाट भेटते. त्या जागी जाऊन आलेल्या माणसाने तिथलं खरं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. आप्पाने इतकी वर्षं जे लाजेने दडवलं होतं, तेच त्या पोराच्या उपयोगाला आलं.

कार्यक्रम संपला. मुलं पांगली. मागच्या भिंतीशी एक बाई थांबली होती. शेजारी तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलीचा उजवा हात कडबाकुट्टीत मनगटापासून गेला होता, आणि तो तिने ओढणीत गुंडाळून ठेवला होता. बाई म्हणाली, "दादा, हिला शाळेत परत यायचं न्हाई म्हणते. बटण लावता येत न्हाई, पोरी हसतात. तुम्ही काहीतरी सांगा की हिला."

तरुणाने मुलीकडे पाहिलं. तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "ताई, माझा पाय गेलाय. हाताचं मला ठाऊक न्हाई. उगाच काहीतरी सांगितलं तर ते खोटं होईल. पण ठाऊक असणारं माणूस शोधू."

तो त्या दोघींना घेऊन स्टँडवर आप्पाकडे गेला. आप्पाला पलीकडच्या गावातली एक म्हातारी ठाऊक होती. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात तिचा हात गेला होता, आणि तरी ती अजून बाजाराच्या दिवशी भाकऱ्या करून विकायची. रविवारी ते सगळे एसटीने तिच्याकडे गेले.

म्हातारी चुलीपुढे बसली होती. तिने मुलीला नाव विचारलं, हाताचं काहीच विचारलं नाही, आणि जवळ बसवून घेतलं. ओल्या फडक्यावर एका हाताने भाकरी थापली, फडकं उचललं आणि भाकरी तव्यावर पालथी घातली. मुलीने ओढणीतून हात कधी बाहेर काढला ते तिला कळलं नाही. मग म्हातारीने तिला बटण दाखवलं. आधी काज अंगठ्याने ताणायचं, बटण बोटाच्या आधाराने आत ढकलायचं, आणि सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात करायची, कारण वरचं बटण डोळ्याला दिसत नाही.

मुलीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग तिने विचारलं, "आजी, आणि वेणी?"

"वेणी न्हाई जमली बघ," म्हातारी म्हणाली. "लई खटाटोप केला. वेणी सून घालते माझी. पहिल्यांदा तिला सांगताना मला लई जड गेलं होतं."

"काय म्हणालात तिला?"

म्हातारीने तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगायला लागली.